हिमेजीचा पांढरा किल्ला

जपानमधल्या हिमेजी किल्ल्याच्या मुख्य मनोऱ्यात शिरताना सहलीच्या विद्यार्थ्यांनाही बूट काढून पिशवीत घ्यावे लागतात. मग उभ्या लाकडी जिन्यांची चढण. बाहेरून मनोरा पाच मजली दिसतो. आत तळघर धरून सात मजले. चकवण्याची हौस इथे जुनीच!

इथला सरदार इकेदा तेरुमासा याने हा मनोरा १६०९मध्ये पूर्ण केला. पांढऱ्या चुन्याचा गिलावा देखणा खरा, पण त्याचे काम लाकूड आगीपासून वाचवण्याचे. भिंतींतली गोल, त्रिकोणी, चौकोनी भोके बाण-बंदुकांसाठी. या मनोऱ्यावर लढाईची वेळ मात्र आलीच नाही.

१९४५च्या बॉम्बहल्ल्यात शहर जळाले, मनोरा उभा राहिला. १९५६ ते १९६४ या काळात दुरुस्तीसाठी तो सुटा करून पुन्हा जोडला. तेव्हा मनोरा पेलणारा, पण कुजलेला पश्चिमेचा महाखांब बदलावा लागला.