इन्शाअल्लाह, माशाअल्लाह, अलहम्दुलिल्लाह: रोजच्या या शब्दांचा अर्थ काय?

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणी लिहितं, ‘परीक्षा पास झालो, अलहम्दुलिल्लाह.’ बाळाच्या फोटोखाली ‘माशाअल्लाह’ येतं. निधनाच्या बातमीखाली ‘इन्ना लिल्लाहि’ दिसतं. हे शब्द रोज नजरेस पडतात, पण त्यांचा नेमका अर्थ अनेकांना ठाऊक नसतो. त्यातून कधी गैरसमज होतात, कधी चुकीच्या जागी चुकीचा शब्द लिहिला जातो.

नमाज आणि दुआ यांत फरक काय?

नमाज दिवसातून पाच वेळा, ठरलेल्या वेळी, वजू करून म्हणजे हात-तोंड-पाय धुऊन, मक्केतील काबाच्या दिशेला तोंड करून पढतात. दुआ म्हणजे देवाकडे केलेली मागणी. ती कधीही, कुठेही आणि आपल्या भाषेत करता येते. मराठीतला ‘दुवा’ हा शब्द याच ‘दुआ’वरून आला आहे. देवाच्या स्मरणाला ‘जिक्र’ म्हणतात. रोजच्या बोलण्यातले बरेचसे शब्द दुआ किंवा जिक्र यांपैकी एकात मोडतात.

कोणता शब्द कधी वापरतात?

बिस्मिल्लाह: ‘अल्लाहच्या नावाने’. जेवण, प्रवास, अभ्यास अशा कोणत्याही कामाच्या सुरुवातीला हा शब्द म्हणतात. कुराणातल्या 114 सूरांपैकी नववी सूरा वगळता प्रत्येक सूरेच्या आरंभी बिस्मिल्लाह येते.

अलहम्दुलिल्लाह: ‘सर्व स्तुती अल्लाहची’. जेवण झाल्यावर, चांगली बातमी मिळाल्यावर आणि ‘कसे आहात?’ या प्रश्नाच्या उत्तरातही हा शब्द येतो. शिंक आली तरी हेच म्हणतात. ऐकणारा त्यावर ‘यरहमुकल्लाह’, म्हणजे ‘अल्लाह तुमच्यावर दया करो’, असं म्हणतो.

माशाअल्लाह: ‘अल्लाहने जे इच्छिलं ते झालं’. सुंदर किंवा चांगली गोष्ट दिसली की हा शब्द वापरतात. आपल्याकडे कौतुक करताना ‘दृष्ट न लागो’ म्हणतात, तशी भावनाही अनेकदा त्यात असते.

इन्शाअल्लाह: ‘अल्लाहची इच्छा असेल तर’. हा शब्द पुढे व्हायच्या गोष्टीसाठी आहे. म्हणून झालेल्या लग्नाच्या फोटोखाली माशाअल्लाह शोभतं आणि ‘उद्या भेटू’नंतर इन्शाअल्लाह.

जजाकल्लाह: ‘अल्लाह तुम्हाला याचं फळ देवो’. आभार मानताना हा शब्द वापरतात.

इन्ना लिल्लाहि: आपण सारे अल्लाहचे आहोत आणि त्याच्याकडेच परतणार आहोत, अशा अर्थाच्या कुराणातील वचनाचे हे पहिले शब्द. ते मृत्यूची बातमी ऐकल्यावर म्हणतात, तसेच इतर संकटात किंवा नुकसानीतही म्हणतात. त्यामुळे ते वाचून लगेच कुणी गेलं असं समजू नये.

‘इन्शाअल्लाह’ म्हणजे ‘नाही’ का?

‘इन्शाअल्लाह म्हटलं की काम होणार नाही’ असा विनोद मुस्लिम समाजातही चालतो, कारण काही जण वेळ मारून नेण्यासाठी तो शब्द वापरतात. मूळ अर्थ मात्र वेगळा आहे. कुराणाच्या अठराव्या सूरेत सांगितलं आहे, की ‘हे काम मी उद्या करीन’ असं म्हणताना अल्लाहच्या इच्छेचा उल्लेख करावा. उद्याचा दिवस माणसाच्या हातात नाही, एवढंच त्यातून सुचवायचं असतं. प्रयत्न करण्याची जबाबदारी बोलणाऱ्यावर राहतेच.

‘अल्लाहु अकबर’ ऐकून दचकायला का होतं?

याचा अर्थ ‘अल्लाह सर्वांत महान आहे’. दहशतवादी हल्ल्यांच्या बातम्यांमधून हे शब्द अनेकांच्या कानावर पडले, त्यामुळे त्यांच्याभोवती भीती जमा झाली. पण अजानची सुरुवात याच शब्दांनी होते. नमाजमध्ये उभं राहताना, वाकताना आणि सजदा करताना ते पुन्हा पुन्हा येतात. नियमित नमाज पढणारी व्यक्ती ते दिवसात कित्येक वेळा उच्चारते. आनंदात, दुःखात आणि आश्चर्यानेही ते तोंडून निघतात.

हे शब्द फक्त मुस्लिमांचे आहेत का?

यांतले बरेच शब्द अरबी भाषेचाच भाग आहेत. अरब ख्रिस्ती लोकही इन्शाअल्लाह आणि अलहम्दुलिल्लाह सहज म्हणतात. स्पॅनिशमधला ‘ओहाला’, म्हणजे ‘असं होवो’, हा शब्दही अरबीतूनच आला आहे.

उत्तर काय द्यावं?

‘अस्सलामु अलैकुम’ म्हणजे ‘तुमच्यावर शांती असो’. त्याचं उत्तर ‘वअलैकुम अस्सलाम’, म्हणजे ‘तुमच्यावरही शांती असो’. दुआ वाचल्यावर ‘आमीन’, म्हणजे ‘तसंच होवो’, असं लिहितात. पण अरबी शब्द येत नसतील तर अडण्याचं कारण नाही. दुःखाच्या बातमीखाली मराठीत लिहिलेले सांत्वनाचे दोन शब्दही पुरेसे असतात.