सुचण्याची सुई

गेल्या महिन्यात आमच्या ऑफिसची लिफ्ट बंद पडली. तशी ती पडतेच, पण या खेपेला दुरुस्तीला दोन दिवस लागणार होते आणि खाली दाराशी सूचना लावायची होती. काम आलं शेजारच्या टेबलावरच्या नव्या मुलीकडे. अर्धा तास ती स्क्रीनकडे बघत बसली आणि मग म्हणाली, "सर, काही सुचतच नाहीये."

मी वाकून पाहिलं. तोवर एवढं झालं होतं : 'सर्व संबंधितांना याद्वारे सूचित करण्यात येते की, तांत्रिक कारणास्तव इमारतीतील उद्वाहन'. पुढे नुसता कर्सर लुकलुकत होता.

"उद्वाहन कुठून काढलंस?"

"लिफ्टला मराठीत तेच म्हणतात ना, सर?"

म्हणतात खरं. सरकारी मराठीत लिफ्ट म्हणजे उद्वाहन. २०१७च्या राज्याच्या कायद्याच्या नावातही तो शब्द आहे. 'उद्' म्हणजे वर आणि 'वाहन' म्हणजे वाहून नेणं, घडण अगदी बिनचूक. घोटाळा एवढाच की संस्कृतात 'उद्वाह' म्हणजे लग्न. 'विवाह'मध्ये जो 'वह्' धातू आहे तोच इथेही, कारण नवरीला घरून वाहून न्यायचं. म्हणजे आमच्या दाराशी जी सूचना लागणार होती तिचा अर्थ एखाद्या शास्त्रीबुवांनी 'तांत्रिक कारणास्तव लग्नकार्य दोन दिवस बंद' असा लावला असता तर त्यांना चूक म्हणता आलं नसतं. हे सांगितल्यावर ती पोट धरून हसली. माझ्या डोक्यात मात्र तिचं पहिलं वाक्य घोळत राहिलं. सुचत नाहीये.

मराठीत 'मी सुचतो' असं कुणी म्हणत नाही. मला सुचतं. भूक लागते, आठवतं, आवडतं, तसं ते येतं. आपण फक्त 'मला' म्हणून दारात उभे. या क्रियापदाचं मूळ 'सूच्' या संस्कृत धातूत आहे. अर्थ दाखवणं, खूण करणं. त्याच घरातली 'सूची', म्हणजे सुई. सुईचं टोक जिकडे, तिकडे बोट. 'सूचना'ही तीच, 'सूचक'ही तेच. तेव्हा 'सूचना सुचत नाही' या तक्रारीत एकच शब्द स्वतःला शोधत फिरत होता. आणि सुई कुठली? तर टोचणारी. मला हे आवडतं. सुचणं म्हणजे डोक्याभोवती प्रभावळ उजळणं वगैरे नव्हे, कुठेतरी बारीकसं टोचणं.

मोठे शब्द आहेतच. स्फूर्ती घ्या. 'स्फुर्' म्हणजे थरथरणं, फडफडणं. जुन्या संस्कृत नाटकांत नायकाचा उजवा बाहू स्फुरतो आणि त्याला शकुन कळतो. आपल्याकडे डोळा लवतो. मुळात स्फूर्ती ही एवढीच शारीरिक गोष्ट, स्नायू उडण्याइतकी. प्रेरणाही तशीच. तिच्यात 'ईर्' आहे, हलवणं. वाऱ्याला समीर म्हणतात तो याच धातूवरून. पुढे ढकलणारी ती प्रेरणा, आणि व्याकरणात 'करवतो, लिहवतो' अशी दुसऱ्याकडून काम काढून घेणारी रूपं ती प्रेरणार्थक. ऑफिसात प्रेरणेचा हा व्याकरणातला अर्थ जास्त चालतो. साहेब टेबलाशी येऊन उभे राहिले की बाकी कुठल्या प्रेरणेची गरज लागत नाही.

पण हे दोन्ही शब्द आता सत्काराच्या भाषणात जाऊन बसले आहेत. शाल, श्रीफळ आणि प्रेरणास्थान. रोज लिहिणाऱ्याच्या उपयोगाचे शब्द खालच्या फळीवर सापडतात.

त्यातला माझा लाडका 'टिपणे'. चिमणी दाणे टिपते. आपण डोळे टिपतो, टिपकागद शाई टिपतो, शिकारी सावज टिपतो. आणि ऐकलेलं, पाहिलेलं कागदावर टिपतो तेव्हा त्याचं टिपण होतं. एकाच क्रियापदात चोच, रुमाल, शाई आणि बंदूक. चारही ठिकाणी जिन्नस थोडकाच आणि नेम मात्र अचूक. लिहायला विषय मिळत नाही म्हणणाऱ्यांना मी एवढंच विचारतो की आज दिवसभरात काय टिपलं? बसच्या कंडक्टरचं एखादं वाक्य, चहावाल्याच्या उधारीच्या वहीतलं शुद्धलेखन, काहीही. चिमणीला पोतं लागत नाही.

टिपणाचा शेजारी टाचण. प्राथमिक शाळेतल्या शिक्षकांच्या अंगावर हा शब्द काटा आणतो, कारण रोजचं पाठ टाचण काढावं लागतं. पण टाचणे म्हणजे कच्चे टाके घालणं. शिंपी कापड आधी टाचतो, मग शिवतो. टाचणीही त्यातलीच. म्हणजे टाचण हा कच्च्या टाक्यांचा मजकूर, ओढला की सुटावा असा. सुचण्यात सुई होती, इथे टाका आला. आता दोरा हवा, तर तो चक्क इंग्रजीतून आला आहे. फाईल या शब्दाचं मूळ लॅटिनमधल्या 'फिलुम'मध्ये आहे, आणि फिलुम म्हणजे दोरा. पूर्वी कागद दोऱ्यात ओवून ठेवत, त्या ओवलेल्या माळेचं नाव फाईल. आमच्याकडे सूत्र म्हणजे दोराच, ग्रंथ म्हणजे गुंफलेलं किंवा गाठ मारलेलं, निबंध म्हणजे बांधलेलं. लिहिणाऱ्यांची जात शिंप्याची, असं म्हणायला हरकत नसावी. त्या मुलीला मी हे सगळं त्याच दिवशी सांगितलं नाही. लिफ्ट बंद होती, लोक खाली खोळंबले होते.

पण तिचं टेबल मात्र डोळ्यांपुढून हलेना. मराठी ऑफिसातल्या टेबलावर अरबी-फारसीचा केवढा संसार मांडलेला असतो! ती लिहीत होती तो मसुदा. अरबीत 'स-व-द' या अक्षरांत काळेपणा आहे आणि मुसव्वदा म्हणजे काळा केलेला. खाडाखोड करकरून काळा झालेला कागद. त्याची स्वच्छ केलेली पक्की प्रत ती मुबय्यजा, म्हणजे पांढरी केलेली. पांढरी प्रत आपल्याकडे रुळली नाही, काळी मात्र ठाण मांडून बसली. बरोबरच झालं. माझा अनुभव सांगतो की ऑफिसात खरं काम काळ्या प्रतीवरच होतं. आता संगणकावर खाडाखोड दिसत नाही, पहिला खर्डाही गोरापान दिसतो, आणि म्हणूनच लोक तो तसाच पाठवून देतात.

दफ्तराचा प्रवास आणखी लांबचा. ग्रीकमध्ये 'दिफ्थेरा' म्हणजे कमावलेलं कातडं, त्यावर लिहीत. तिथून शब्द फारसी-अरबीत गेला आणि लेखांची वही झाला. आपल्याकडे येऊन पुण्याचं पेशवे दफ्तर झाला आणि 'फ'चा 'प' करून पोरांच्या पाठीवर दप्तर होऊन बसला. याच कातड्यावरून डिप्थेरिया या रोगाचं नाव पडलं, कारण घशात कातड्यासारखा पापुद्रा धरतो. आपण त्याला घटसर्प म्हटलं. शाळेचं दप्तर आणि घटसर्प हे एका आजीचे नातू आहेत हे कळल्यापासून मी दप्तराचं ओझं जरा गंभीरपणे घेतो.

मायना तर आता पत्रांबरोबरच चालला. अरबी 'मअना' म्हणजे अर्थ. आपल्या पूर्वजांनी तो पत्राच्या डोक्यावर नेला आणि 'तीर्थरूप', 'श्रीयुत' लिहिण्याला मायना म्हटलं. कुणाला लिहितो आहोत हे ठरलं की निम्मा अर्थ ठरलाच, असं काहीसं मनात असेल. ई-मेलात वर 'डिअर ऑल' येतं. ऑल म्हणजे कोण? 'सर्व संबंधित'चाच तो इंग्रजी भाऊ, आणि ज्याला-त्याला वाटतं की आपण त्यात नाही.

'सदर' हा शब्द मी मसुद्यात दिसला की खोडतो. पण त्याच्यावर माझा राग नाही. अरबीत सद्र म्हणजे छाती, पुढची मानाची जागा. म्हणून वाड्याची सदर, म्हणून अंगात घालायचा सदरा, म्हणून वर्तमानपत्रातलं सदर. एवढा भारदस्त शब्द, आणि आपण त्याला 'सदर इसम', 'सदर विषय', 'सदरची बाब' असा पट्टेवाल्यासारखा राबवतो. जिथे 'हा' म्हणून भागतं तिथे सदर कशाला? रुजू होणं मात्र मला जपून ठेवावंसं वाटतं. रुजू म्हणजे परत येणं. ही मुलगी लिफ्ट बंद पडण्याच्या तीन आठवडे आधी रुजू झाली, म्हणजे अक्षरार्थ घेतला तर जिथे आधी कधी आलीच नव्हती तिथे परतली.

यावर कुणी म्हणेल, हे परके शब्द काढून टाकायला हवे होते. प्रयत्न झाले. शिवाजी महाराजांच्या आज्ञेने राज्यव्यवहारकोश झाला, त्यात फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. त्याच्या १० वर्गांत एक लेखनवर्ग आहे, म्हणजे कचेरीतल्या लिहिण्याचा विचार तेव्हाही वेगळा झाला होता. १६७४च्या राज्याभिषेकाच्या सुमारास वाकनीस मंत्री झाले, डबीर सुमंत झाले. पदं बदलली तरी वाकनीस, डबीर, मुजुमदार, चिटणीस, फडणीस आडनावांत राहिले ते राहिलेच. यातल्या वाकनीस, चिटणीस, फडणीस यांच्या शेवटचा 'नीस' म्हणजे फारसी 'नवीस', लिहिणारा. महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६२मध्ये पदनाम कोश निघाला आणि आचार्य अत्र्यांनी त्याला बदनाम कोश करून टाकलं. मला यात दोन्ही बाजूंचं पटतं. त्याच कोशकारांच्या खटपटीतून आलेले कितीतरी शब्द आज आपण सहज वापरतो. सावरकरांचा 'दिनांक' छापील अर्जावर पक्का बसला. तोंडात मात्र 'आज तारीख किती?'. कागदाला एक आणि तोंडाला एक, अशी वाटणी झाली.

अडचण शब्द परका की आपला ही नाहीच. लिहिताना माणूस तोंडातला शब्द बाजूला ठेवून कागदातला शोधायला जातो, तिथे त्याची सुई बोथट होते. त्या मुलीला फोनवर आईला सांगायचं असतं तर 'लिफ्ट बंद आहे गं, जिन्याने ये' हे सुचायला क्षण लागला नसता. तिला सुचलेलंच होतं. ते लिहिण्याजोगं आहे असं तिला कुणी सांगितलं नव्हतं.

शेवटी दाराशी कागद लागला : 'लिफ्ट सोमवार-मंगळवार बंद आहे. जिना डावीकडे. जड सामान असेल तर पहाऱ्यावर सांगा, माणूस येईल.' साहेबांनी वाचला, 'याद्वारे' नाही म्हणून थोडे अस्वस्थ झाले, पण सही केली.

संध्याकाळी उतरताना पाहिलं तर खाली कुणीतरी पेन्सिलीने शेरा मारला होता : तिसऱ्या मजल्यावर पाणी आणि खुर्ची ठेवली आहे.

अक्षर ओळखीचं वाटलं नाही. मी खिशातली वही काढून ते टिपून घेतलं.