नाल, सांखळी आणि हिंवाळी टायर

इ. स. १८१२ च्या ऑक्टोबर महिन्याच्या १९ तारखेस नेपोलियननें मॉस्को सोडलें, त्या वेळीं त्याच्या सैन्याबरोबर हजारों घोडे होते, शेंकडों तोफा होत्या आणि लुटीनें भरलेल्या गाड्यांची न संपणारी रांग होती. नोव्हेंबरच्या आरंभीं हिम पडूं लागलें. रस्ते गोठून कांचेसारखे गुळगुळीत झाले. लहानशा चढावरहि घोडे घसरूं लागले. पडलेलें जनावर उठण्याची धडपड करी, पुन्हा पडे व अखेर तेथेंच राही. ओढण्यास घोडे उरले नाहींत म्हणून तोफा वाटेंतच टाकाव्या लागल्या. या नाशाचें खापर पुढें पुष्कळांनीं रशियाच्या थंडीवर फोडलें. परंतु बादशहाचा अश्वाध्यक्ष कोलँकूर यानें आपल्या आठवणींत आणखी एक कारण आग्रहानें नोंदून ठेविलें आहे. फ्रेंच घोड्यांच्या नालांना बर्फांत रुतणारीं टोंकें नव्हतीं. कोलँकूर हा पूर्वी रशियांत फ्रान्सचा वकील होता. तेथील हिंवाळा त्यानें डोळ्यांनीं पाहिला होता. म्हणून बादशाही पागेंतील घोड्यांना त्यानें हिंवाळी नाल मारविले होते, आणि त्या पागेची हानि त्यामुळें पुष्कळ कमी झाली. बाकीचें सैन्य उन्हाळ्यांतील नालांनिशीं हिंवाळ्यांत शिरलें होतें.

घोड्यांचें युग संपलें, मोटारींचें आलें; पण उत्तरेकडील देशांत कोलँकूरचा धडा जुना झाला नाहीं. तेथें दरवर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरांत मोटारींचे उन्हाळी टायर उतरवून हिंवाळी टायर चढविण्याचा जो उद्योग चालतो, तो या जुन्या नालबंदीचाच नवा अवतार होय. त्याचा इतिहास पाहूं गेल्यास एक गंमत दिसते. बर्फाशीं झगडतांना मनुष्यानें प्रथम लोखंडाचा आश्रय केला आणि पुष्कळ काळानें त्याला मऊपणाचें सामर्थ्य कळलें.

पुढें जाणें, वळणें व थांबणें या तिन्ही क्रिया जमिनीला धरून राहण्यावर अवलंबून असतात. मोटारीचें यंत्र कितीहि बलवान् असो आणि तिचे ब्रेक कितीहि उत्तम असोत, जमिनीशीं तिचा संबंध येतो तो हाताच्या तळव्याएवढ्या अवघ्या चार जागीं. ब्रेक दाबला कीं चाक थांबतें. मोटार थांबते ती त्या चार तळव्यांच्या पकडीमुळें. बैलगाडीच्या चाकावर लोखंडाची गुळगुळीत धांव असते, पण तिचा वेग मंद आणि बैलांचे खूर तिला सांवरून धरणारे. मोटारीला खूर नाहींत. तिची पकड सुटली कीं आंतील माणसांनीं केवळ पाहत बसावें.

डनलॉपनें १८८८ सालीं हवा भरलेला रबरी टायर प्रचारांत आणला, तेव्हां त्याचा हेतु धक्के कमी करण्याचा होता. आरंभींचे मोटारीचे टायर बहुधा गुळगुळीतच असत. चिखलांत आणि हिमांत ते जागच्या जागीं फिरूं लागले कीं चालक त्यांच्याभोंवतीं दोर गुंडाळीत. अमेरिकेंत न्यूयॉर्क राज्यांतील कॅनास्टोटा गांवच्या हॅरी वीड यानें या दोराच्या जागीं लोखंडी सांखळ्या योजिल्या आणि १९०४ सालीं आपल्या युक्तीचें पेटंट मिळविलें. ती युक्ति आजहि नामशेष झालेली नाहीं; हिमालयांतील घाटांवर हिंवाळ्यांत जाणाऱ्या लष्करी व खासगी गाड्या याच सांखळ्या बाळगतात. पण सांखळी हें संकटकाळचें साधन आहे. ती चढवावयाची म्हणजे गारठलेल्या बोटांनीं, रस्त्याच्या कडेला, गुडघे टेंकून. ती चढविल्यावर वेग आंवरून धरावा लागतो. आणि पुढें उघडा रस्ता लागला तर सांखळी रस्ता तरी खरवडते किंवा स्वतः तरी तुटते. ज्या देशांत चार-पांच महिने घटकेंत हिम व घटकेंत उघडा रस्ता अशी स्थिति असते, तेथें या साधनावर रोजचा व्यवहार चालणें कठीण होतें.

असा एक देश म्हणजे फिनलंड. तेथें १८९८ सालीं स्थापन झालेला एक रबराचा कारखाना १९०४ सालीं राजधानींतून टांपरेजवळच्या नोकिया या गांवीं गेला. या गांवाचें नांव पुढें भ्रमणध्वनीमुळें घरोघरीं पोहोंचलें, कारण १९६७ सालीं हा रबराचा कारखाना, तारांचा एक कारखाना आणि नोकिया ही मूळची कंपनी यांचें एकत्रीकरण झालें. टायरचा धंदा १९८८ सालीं पुन्हा निराळा झाला. या कारखान्यानें १९३२ सालीं मोटारीचे टायर करण्यास आरंभ केला आणि दोनच वर्षांनीं, १९३४ सालीं, मालवाहू गाड्यांकरितां ‘केलिरेंगास’ या नांवाचा टायर काढला. फिनिश भाषेंत ‘केलि’ म्हणजे रस्त्याची व हवेची स्थिति आणि ‘रेंगास’ म्हणजे टायर. केवळ हिंवाळ्यासाठीं योजिलेला जगांतील पहिला टायर म्हणून हा मान्यता पावला आहे. त्याच्या तळव्यावर आडवे, जाड, दांत्यांसारखे ठोकळे होते. ते हिमांत रुतून गाडीला पुढें रेटीत.

१९३६ सालीं लहान मोटारींसाठीं याच जातीचा टायर निघाला. त्याचें नांव ‘हक्कापेलिट्टा’. हें नांव पुनः घोड्यांपाशींच नेऊन सोडतें. सतराव्या शतकांतील तीस वर्षांच्या युद्धांत स्वीडनचा राजा गुस्ताव अडॉल्फ याच्या सैन्यांत फिनिश घोडेस्वारांचीं पथकें होतीं. ‘हाणा, तुटून पडा’ अशा अर्थाची त्यांची रणगर्जना होती. तिच्यावरून त्या स्वारांना हें नांव पडलें. हिमाशीं युद्ध करावयाचें तर त्यावर तुटून पडावयाचें, ही त्या काळची भावना या नांवांत उतरली आहे.

परंतु हिमाचें शास्त्र या भावनेहून सूक्ष्म निघालें. आकाशांतून पडणारें भुसभुशीत हिम आणि पाणी गोठून झालेला बर्फ हे दोन निराळे शत्रू आहेत. हिम हातांत दाबलें तर लाडवासारखें वळलें जातें, कारण त्याचे कण एकमेकांस चिकटतात. हिंवाळी टायरच्या रुंद खांचा हेंच करतात: त्या आपल्या पोटांत हिम दाबून भरतात आणि तें हिम रस्त्यावरील हिमाला धरतें. खांच भरली म्हणजे पकड गेली अशी समजूत सहज होते. वस्तुतः भरलेली खांचच कामास येते. बर्फाची गोष्ट वेगळी. त्याच्या पृष्ठभागावर पाण्याचा अत्यंत पातळ पदर असतो आणि शून्य अंशाच्या आसपास तो सर्वांत घातक होतो. कडाक्याच्या थंडींत, शून्याखालीं वीस-तीस अंशांवर, बर्फ त्या मानानें कमी निसरडा असतो. म्हणून उत्तरेकडील चालक खोल हिंवाळ्यापेक्षां त्याच्या उंबरठ्यावरच्या दिवसांना अधिक भितात. हा पाण्याचा पदर टिपून घेण्यासाठीं तळव्याच्या ठोकळ्यांवर असंख्य बारीक चिरा पाडतात. रबराच्या तळव्यास अशा चिरा पाडण्याचें पेटंट जॉन साइप या अमेरिकनानें १९२३ सालीं घेतलें होतें, व त्या चिरांना इंग्रजींत त्याचेंच नांव पडलें. पण चिरा पाडल्यावर न फाटणारें रबर मिळेपर्यंत त्यांचा मोठा प्रसार झाला नाहीं.

आणि खरें रहस्य या रबरांतच आहे. कच्चें रबर थंडींत कडक होई व उन्हाळ्यांत चिकट होई. गुडइयरनें १८३९ सालीं गंधकाच्या व उष्णतेच्या योगानें हा दोष पुष्कळसा घालविला. तरी थंडीनें ताठरण्याची रबराची प्रकृति सर्वस्वीं गेली नाहीं. उन्हाळी टायरचें रबर तापलेल्या रस्त्यावर टिकावें अशा बेतानें घडविलेलें असतें; हवा सुमारें सात अंशांच्या खालीं उतरली कीं तें ताठरूं लागतें. ताठर रबर रस्त्याच्या बारीक खडबडीवर बसत नाहीं, वरून निसटतें. म्हणजे हिम पडण्यापूर्वींच, कोरड्या रस्त्यावरच, उन्हाळी टायर आपला धर्म सोडूं लागतो. हिंवाळी टायरच्या रबराचें मिश्रण असें केलेलें असतें कीं तें गोठणाऱ्या थंडींतहि लवचिक राहावें.

टायर बदलल्यावर मोटारीची चालहि बदलते. स्टिअरिंगचें चक्र फिरविल्यावर ती क्षणभर विचार करून वळल्यासारखी वाटते, कारण मऊ व उंच ठोकळे आधीं वांकतात आणि मग गाडीला वळवितात. ऊबदार कोरड्या रस्त्यावर तिला थांबण्यास अधिक अंतर लागतें आणि तळवा झपाट्यानें झिजतो. म्हणून वसंतांत हे टायर उतरवावेच लागतात. हिमावर मात्र तीच मोटार शहाण्यासारखी वागते. काटकसरीनें दोनच चाकांना हिंवाळी टायर घालण्याचा मोह घातक ठरतो: पुढचीं चाकें रस्ता धरतात, मागचीं धरीत नाहींत, आणि वळणावर मोटार भोंवऱ्याप्रमाणें फिरते. तशीच दुसरी भ्रामक समजूत चारहि चाकांना यंत्राची शक्ति असलेल्या मोटारीविषयीं आहे. ती हिमांत दिमाखानें निघते खरी. पण थांबतांना तिला त्या शक्तीचा कांहींच उपयोग नसतो. आणि उत्तमांतला उत्तम टायर असला तरी बर्फावर थांबण्यास कोरड्या रस्त्याच्या कित्येकपट अंतर लागतें, हें विसरून चालत नाहीं.

तरीहि निव्वळ बर्फावर या टायरांची पकड अपुरी पडे. तेव्हां मनुष्य पुन्हा नालाकडे वळला. १९६१ सालीं नोकियाच्या कारखान्यानें तळव्यांत कठीण धातूचे बारीक खिळे बसविलेला हक्कापेलिट्टा बाजारांत आणला. खिळ्यांच्या टायरांचा त्या दशकांत युरोप-अमेरिकेंत झपाट्यानें प्रसार झाला आणि बर्फाचें भय सरलें असें वाटूं लागलें. पण खिळ्याला बर्फ व डांबर यांतील भेद कळत नाहीं. मोटारींच्या रांगांनीं रस्त्यांवर चर पाडले. अमेरिकेंतील मिनेसोटा राज्यानें १९७१ सालीं व पश्चिम जर्मनीनें १९७५ सालीं या टायरांना बंदी केली.

सर्वांत बोलकें उदाहरण जपानमधील सेन्दाई शहराचें आहे. तेथें थंडी असते पण हिम बेताचें. त्यामुळें हजारों मोटारींचे खिळे हिंवाळाभर उघड्या डांबरावर खडखडत. घांसलेल्या डांबराची व खडीची धूळ हवेंत उडे, वाळत घातलेल्या कपड्यांवर बसे, घरांत शिरे आणि माणसांच्या छातींत जाई. मोटारींत बसलेला मनुष्य सुरक्षित होता. पण त्या सुरक्षिततेची किंमत पायीं चालणारा आपल्या श्वासांतून भरीत होता. नागरिकांची तक्रार वाढत गेली आणि १९९० सालीं जपाननें खिळ्यांच्या टायरांच्या धुळीविरुद्ध देशव्यापी कायदा केला.

लोखंड गेलें, त्याची जागा कोणी घ्यावी? उत्तर मऊ रबरानेंच दिलें. १९८८ सालीं ब्रिजस्टोन कंपनीनें ‘ब्लिझॅक’ नांवाचा बिनखिळ्यांचा टायर जपानांत काढला. त्याच्या रबरांत सूक्ष्म छिद्रें होतीं. तीं बर्फावरील पाण्याचा पदर शोषून घेत आणि खालचा कोरडा बर्फ रबराच्या हातीं देत. पुढील दशकांत काजळीच्या जोडीस सिलिकाचा उपयोग वाढला व थंडींत मऊ राहणारें रबर अधिक सुधारलें. फिनलंड, स्वीडन व नॉर्वे या देशांत, जेथें बर्फाळ खेड्यांचे रस्ते लांबच लांब आहेत, खिळे अद्याप चालतात. पण ऑस्लो शहरांत त्यांवर शुल्क आहे आणि स्टॉकहोमच्या हॉर्न्सगाटन रस्त्यावर २०१० पासून त्यांना मज्जाव आहे.

टायर बदलणें ही खासगी बाब न राहतां ती सार्वजनिक जबाबदारी कशी झाली, हें कायद्यांवरूनहि दिसतें. फिनलंडनें १९७८ सालीं हिंवाळी टायर सक्तीचे केले. कॅनडांतील क्वेबेक प्रांतानें २००८ सालीं तसेंच केलें; आतां तेथें १ डिसेंबरपासून १५ मार्चपर्यंत ते आवश्यक असतात. खरा हिंवाळी टायर ओळखतां यावा म्हणून १९९९ सालीं उत्तर अमेरिकेंत एक चिन्ह ठरलें: तीन शिखरांच्या डोंगरांत हिमाचा कण. स्वीडनमध्यें तर उतरविलेले टायर पुढच्या ऋतूपर्यंत सांभाळणाऱ्या कोठारांस लोक ‘टायरचें हॉटेल’ म्हणतात. ऋतु बदलला कीं एक पाहुणा बाहेर पडतो व दुसरा आंत येतो.

अर्थात् हा झगडा संपलेला नाहीं. उत्तर जपानमधील साप्पोरो शहरांत खिळे गेल्यावर हवा स्वच्छ झाली. पण खिळ्यांनीं पूर्वी खरवडला जाणारा बर्फ आतां चौकाचौकांत मऊ टायरांखालीं घोटला जाऊन आरशासारखा झाला, आणि पायीं चालणारे घसरून पडूं लागले. तेव्हां नगरपालिकेनें चौकांत खडीच्या पिशव्यांच्या पेट्या ठेविल्या. रस्ता निसरडा दिसला कीं वाटसरूनें पेटी उघडावी, पिशवी फोडावी, मूठ-दोन मुठी खडी पुढें पसरावी आणि मग रस्ता ओलांडावा. ती खडी त्याच्या पावलांखालीं जितकी येते, त्याहून अधिक मागून येणाऱ्यांच्या उपयोगी पडते.