गोड किती, यापेक्षा किती वेळा?

‘दाताला कीड लागली’ असे सर्रास म्हटले जात असले, तरी किडलेल्या दातात कोणताही किडा नसतो. दात पोखरते ते आम्ल, आणि ते तयार होते तोंडातच. दातांवर सतत साचणाऱ्या चिकट थरात असंख्य जिवाणू असतात. साखर हे त्यांचे खाद्य. ती पचवताना ते आम्ल बाहेर टाकतात. गोड खाल्ल्यावर काही मिनिटांतच या थराचा सामू (पीएच) साधारण ५.५ च्या खाली उतरतो आणि दाताच्या कठीण आवरणातील, म्हणजेच इनॅमलमधील, कॅल्शियम व फॉस्फेट विरघळू लागते.

या हल्ल्यावर लाळ हा निसर्गाने दिलेला उतारा आहे. लाळ आम्ल सौम्य करते आणि गेलेली खनिजे काही प्रमाणात दाताला परत देते. मात्र त्यासाठी तिला साधारण अर्धा ते एक तास लागतो. तेवढ्यात पुन्हा गोळी, बिस्कीट किंवा गोड चहा तोंडात गेला, की हे चक्र नव्याने सुरू होते.

स्वीडनमधील प्रयोग

साखर आणि दंतक्षय यांचा संबंध स्पष्ट करणारा प्रयोग १९४५ ते १९५३ या काळात स्वीडनमधील व्हिपेहोल्म रुग्णालयात झाला. जेवणाबरोबर साखर घेणाऱ्यांमध्ये कीड फारशी वाढली नाही. दोन जेवणांच्या मध्ये चिकट टॉफी खाणाऱ्यांमध्ये मात्र ती झपाट्याने वाढली. हा प्रयोग मतिमंद रुग्णांवर, त्यांच्या संमतीविना झाला होता. त्यामुळे तो वैद्यकीय नीतिमत्तेवरील काळा डाग मानला जातो. निष्कर्ष मात्र आजही मान्य आहे.

कोणता खाऊ अधिक घातक?

टॉफी, चिक्की, जेली, क्रीमची बिस्किटे असे दाताला चिकटून राहणारे पदार्थ आणि बराच वेळ चघळल्या जाणाऱ्या गोळ्या यांपासून धोका अधिक. गूळ आणि मध ‘नैसर्गिक’ असले, तरी जिवाणूंच्या लेखी तीही साखरच. बटाट्याचे वेफर्स गोड नसतात. पण त्यांचा पिठूळ लगदा दाढांच्या खाचांत अडकून राहतो व त्यापासूनही आम्ल बनते. शीतपेयांत साखरेच्या जोडीला मुळातच आम्ल असते. झोपेत लाळ कमी स्रवत असल्याने गोड दुधाची बाटली तोंडात ठेवून बाळाला झोपवणे विशेष हानिकारक ठरते.

दुधाचे दात पडणारच, मग उपचार कशाला, हा समज महागात पडतो. हे दात कायमच्या दातांसाठी जागा राखून ठेवतात. शिवाय सहाव्या वर्षाच्या सुमारास कायमची पहिली दाढ येते, तेव्हा दुधाचा एकही दात पडलेला नसू शकतो. त्यामुळे अनेक पालक तिलाही दुधाची दाढ समजतात आणि ती किडू लागली तरी दुर्लक्ष करतात.

प्रतिबंधक उपाय

* गोड पदार्थ शक्यतो जेवणाबरोबरच द्यावेत. मधल्या वेळी फळे, शेंगदाणे, चणे, काकडी किंवा चीज उत्तम. अगदी लहान मुलांना मात्र अख्खे दाणे देऊ नयेत.
* जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या शिफारशीनुसार वरून घातलेल्या व तत्सम साखरेतून मिळणारी ऊर्जा एकूण आहाराच्या १० टक्क्यांहून कमी असावी; ५ टक्क्यांहून कमी, म्हणजे प्रौढांसाठी सुमारे २५ ग्रॅम, असल्यास अधिक चांगले.
* फ्लोराइडयुक्त टूथपेस्टने दिवसातून दोनदा दात घासावेत. रात्रीचे घासणे टाळू नये. तीन वर्षांखालील मुलांसाठी तांदळाच्या दाण्याएवढी, तर तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी वाटाण्याएवढी पेस्ट पुरते.
* घासल्यावर फेस थुंकावा. भरपूर पाण्याने चुळा भरल्यास फ्लोराइड वाहून जाते.
* आंबट पेयानंतर लगेच ब्रश न करता साध्या पाण्याने चूळ भरावी.
* खोल खाचा असलेल्या दाढांवर ‘सीलंट’चा लेप देण्याबाबत दंतवैद्याचा सल्ला घ्यावा.

इनॅमलमध्ये चेतातंतू नसल्याने कीड सुरू झाल्याची वेदना होत नाही. प्रथम दिसतो तो केवळ खडूसारखा पांढुरका डाग. या टप्प्यावर फ्लोराइड व आहारातील बदल यांनी ती थोपवता येते. एकदा खड्डा पडला, की तो आपोआप भरून येत नाही. म्हणूनच दाढ दुखू लागण्याची वाट न पाहता दंततपासणी नियमित करून घेणे श्रेयस्कर.