साठी, बुद्धी आणि रक्तवाहिन्या

‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण आपल्या घरांत इतकी रुळली आहे की, वडीलधारे माणूस नेहमीच्या वाटेवर चुकू लागले किंवा नातवाच्या नावापाशी अडखळू लागले, तर मंडळी वयाला दोष देऊन स्वस्थ बसतात. हे स्वस्थ बसणे किती महाग पडते, ते वैद्यकाच्या इतिहासावरून कळते.

मेंदूच्या तळाशी रक्तवाहिन्यांचे जे कडे असते, त्याला इंग्लंडातील वैद्य टॉमस विलिस यांचे नाव आहे. बुद्धिमांद्य आणि अर्धांगवायू यांचा संबंध त्यांनी १६७२ मधील आपल्या ग्रंथात नोंदवला होता. एकोणिसाव्या शतकात युरोपातील मनोरुग्णालये उपदंशाने मेंदू पोखरलेल्या रुग्णांनी भरली, आणि बुद्धिभ्रंशाचे इतर प्रकार त्या गर्दीत मिसळून गेले. ते वेगळे काढण्याचा यत्न जर्मनीतील ओटो बिन्सवांगर यांनी १८९४ मध्ये केला. कठीण झालेल्या रक्तवाहिन्यांमुळे मेंदूचा अंतर्भाग झिजतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्याच सुमारास आलोइस अल्झायमर हेही या विकाराचा अभ्यास करीत होते. पुढे १९०६ मध्ये त्यांनी पन्नाशीतील एका स्त्रीच्या मेंदूतली निराळीच विकृती वर्णिली. १९१० मध्ये त्या रोगाला त्यांचे नाव मिळाले.

यातून एक विपरीत गोष्ट घडली. अल्झायमरचा रोग हा मध्यमवयीनांचा दुर्मिळ विकार ठरला, आणि वृद्धांच्या विस्मृतीचे खापर बहुधा रक्तवाहिन्यांवर फुटू लागले. त्या अरुंद झाल्याने मेंदूची हळूहळू उपासमार होते, अशी समजूत होती. म्हणून त्या रुंदावणारी औषधे देण्यात आली, परंतु त्यांना म्हणावे तसे यश आले नाही. १९७० च्या सुमारास इंग्लंडातील न्यूकॅसल येथे टॉमलिन्सन, ब्लेस्ड आणि रॉथ यांनी मृत वृद्धांचे मेंदू तपासले, तेव्हा निम्म्याच्या आसपास रुग्णांत अल्झायमरचीच विकृती प्रमुख दिसली. रक्तवाहिन्यांमुळे होणाऱ्या स्मृतिभ्रंशाचा उलगडा १९७४ मध्ये हाचिन्स्की, लासेन आणि मार्शल यांनी केला. रक्तपुरवठा तुटून मेंदूचे लहानमोठे भाग मृत होतात आणि अशा अनेक आघातांची बेरीज म्हणजे हा स्मृतिभ्रंश, असे त्यांनी मांडले.

घरच्या माणसांच्या दृष्टीने या शोधाचे मोल मोठे आहे. या रोगाची वाट पुष्कळदा पायऱ्यांची असते. आजोबा काही महिने होते तसेच राहतात. मग एके दिवशी त्यांना सदऱ्याच्या गुंड्या लावता येत नाहीत, चाल अडखळते, क्षुल्लक कारणाने रडू कोसळते. बारीक वाहिन्यांचा विकार असेल, तर उतार संथही असतो. गेलेली पायरी परत चढवणारे औषध अद्याप हाती आलेले नाही. परंतु प्रत्येक पायरीमागे आघात असेल, तर पुढचा आघात टाळण्यास वाव राहतो. रक्तदाब व मधुमेह आटोक्यात ठेवणे, तंबाखू सोडणे, हृदयाच्या अनियमित ठोक्यांची तपासणी करणे आणि वैद्याने सांगितल्यास रक्ताची गुठळी रोखणारे औषध नेमाने घेणे, हे त्याचे उपाय होत. रोज ठरावीक वेळा, ओळखीची खोली आणि घाई न करणारे माणूस, एवढ्यानेही रुग्णाचा दिवस पुष्कळ सुसह्य होतो.

तेव्हा घरातील वृद्धाचे वागणे एकाएकी बदलले, तर त्याचे वय मोजत बसू नये. त्याच दिवशी वैद्याला बोलवावे.