वळिवडे: निर्वासितांना हमी कोणाची?

वैभववाडीहून करूळचा घाट चढून गगनबावड्यावरून कोल्हापूरला जाणारी वाट आम्हां कोकणवासीयांच्या नित्याच्या परिचयाची आहे. त्या कोल्हापूरच्या शेजारी, वळिवडे येथे, १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची वसाहत होती. ही हकिकत आपल्याकडे सांगितली जाते ती बहुधा आतिथ्याची कथा म्हणून. आतिथ्य खरेच होते. परंतु तेवढ्यावर थांबल्यास एक प्रश्न अनुत्तरित राहतो: या माणसांची हमी कोणी घेतली होती?

१९४०-४१ मध्ये सोव्हिएत सत्तेने पूर्व पोलंडमधील लक्षावधी लोकांना सायबेरिया व कझाकस्तानात हद्दपार केले. जुलै १९४१ च्या करारानंतर त्यांची सुटका सुरू झाली आणि १९४२ मध्ये अनेकजण इराणात पोहोचले. तेथून पुढे कोठे? मुंबईतील पोलिश वाणिज्यदूत बानासिन्स्की आणि त्यांच्या पत्नी किरा यांनी हिंदुस्थानात प्रयत्न केले. नवानगरच्या जामसाहेबांनी बालाचडी येथे अनाथ मुलांना आश्रय दिला; कोल्हापूर संस्थानात वळिवड्याची वसाहत उभी राहिली. तिच्या खर्चाचा भार लंडनमधील निर्वासित पोलिश सरकारने स्वीकारला होता. याच काळात काही पोलिश निर्वासित मेक्सिकोतील सांता रोसा येथे गेले. तेथे अमेरिकेतील कॅथलिक संघटनेने त्यांच्या व्यवस्थेत हातभार लावला.

जुलै १९४५ मध्ये ब्रिटन व अमेरिकेने लंडनमधील त्या सरकारची मान्यता काढून घेतली. ज्यांचे मूळ गावच सोव्हिएत हद्दीत गेले होते, त्यांचा जामीनही एका निर्णयासरशी नाहीसा झाला. वसाहतीत शाळा होत्या, चर्च होते, नाटके होत होती. परंतु कागदावर ही माणसे कोणाचीच नव्हती. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या मदत यंत्रणेने जबाबदारी घेतली. तिचा कल मात्र त्यांना पोलंडला परत धाडण्याकडे होता. अनाथ मुलांची पाठवणी टाळण्यासाठी जामसाहेब आणि फादर प्लुता यांनी त्यांचे पालकत्व कायद्याने स्वीकारले, आणि काही मुले अमेरिकेतील कॅथलिक संस्थांकडे गेली. सैनिकांच्या कुटुंबांना ब्रिटनच्या १९४७ च्या पुनर्वसन कायद्याचा आधार मिळाला. उरलेले आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, कॅनडा असे पांगले.

१९७५ नंतर होड्यांतून देश सोडणाऱ्या व्हिएतनामींच्या बाबतीतही हेच दिसते. १९७९ पासून कॅनडात चर्चच्या मंडळींनी वर्षभराच्या खर्चाची हमी लिहून दिली आणि सरकारने प्रवेश दिला. करुणेला सही लागते. सही करणाराही असावा लागतो.

वळिवड्याच्या त्याच बराकींत फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले आणि गांधीनगर वसले. ऑगस्ट २०२४ मध्ये भारताच्या पंतप्रधानांनी वॉर्सातील कोल्हापूर स्मारकास पुष्पचक्र वाहिले, तेव्हा वर्तमानपत्रांत पुन्हा आतिथ्याचेच गुणगान झाले. निर्वासितांच्या १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारावर मात्र भारताची सही आजही नाही. आपल्या औदार्याचा इतिहास लिहिताना या दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून वाचाव्यात, असे आम्हांस वाटते. दाराशी आलेल्यास घरात घेणे हा सद्गुण खराच. पण घेणाऱ्याची मर्जी फिरली तरी ज्याला घर सोडावे लागत नाही, त्यालाच आश्रय मिळाला असे म्हणता येईल.