दोन चाके आणि जुनी वाट

१८३० सालच्या नोव्हेंबर महिन्याच्या १० तारखेस मुंबई इलाख्याचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी बोरघाटातील नवा गाडीरस्ता वाहतुकीस खुला केला. तत्पूर्वी कोकणातून देशावर जाणारा माल बैलांच्या पाठीवर घाट चढे, आणि साहेबलोक पालखीतून, म्हणजे वस्तुतः भोयांच्या खांद्यावरून, वर जात. मुंबईहून निघालेला प्रवासी प्रथम मचव्यात बसून खाडीने पनवेल बंदरास लागे व तेथून खुष्कीचा मार्ग धरी. १८६३ साली बोरघाटातून आगगाडी धावू लागली. तिचा मार्ग कल्याण-कर्जतवरून असल्यामुळे पनवेलची वाट काही काळ मागे पडली; पुढे मोटार आली आणि तीच वाट पुन्हा गजबजून गेली. एकाच वाटेच्या कपाळी असे चढउतार यावेत, याचे कारण उघड आहे. वाट ही वाहनाच्या मागे जाते. वाहन पालटले की वाटेचा धर्म पालटतो; आणि ज्याच्यापाशी ते वाहन नाही, त्याचे त्या वाटेवरील स्थानही पालटते.

या दृष्टीने सायकल या वाहनाचा इतिहास मोठा उद्बोधक आहे. १८१७ साली जर्मनीत बॅरन कार्ल फॉन ड्राइस याने जमिनीवर पाय मारीत चालवावयाची लाकडी दुचाकी तयार केली. १८६० नंतरच्या दशकात पॅरिसमध्ये तिला पायटे बसले. १८८५ साली इंग्लंडात सारख्या आकाराच्या दोन चाकांची व साखळीवर चालणारी ‘रोव्हर’ सायकल निघाली, आणि १८८८ साली डनलॉपने हवेने भरलेल्या रबरी धावेचा शोध लावला. अवघ्या सत्तर वर्षांत श्रीमंतांच्या खेळण्याचे सामान्यांच्या वाहनात रूपांतर झाले. घोड्याला दाणावैरण लागते, पालखीस भोई लागतात, मोटारीस पेट्रोल लागते. सायकलीस केवळ बसणाराचे पाय लागतात. आपल्या प्रवासाचा भार दुसऱ्या कोणावर न टाकणारे हे वाहन आहे, आणि त्याची थोरवी यातच आहे.

सायकलीवरून स्वस्थपणे देश पाहत हिंडावे, ही कल्पना विशेषेकरून फ्रान्सात वाढीस लागली. सेंतेत्येन या गावी पॉल द व्हीव्ही नावाचा रेशमाचा व्यापारी होता. १८५३ साली जन्मलेल्या आणि १९३० साली निवर्तलेल्या या गृहस्थास ‘व्हेलोसिओ’ या टोपणनावाने सारा फ्रान्स ओळखीत असे. १८८७ साली त्याने सायकलस्वारांसाठी मासिक काढले. शर्यत जिंकण्यापेक्षा डोंगरदऱ्यांतून दूरवर हिंडण्यात सायकलीचे सार्थक आहे, असे त्याचे सांगणे असे. आणि चढणीवर पायांना सुसह्य व्हावे म्हणून गिअर बदलण्याच्या युक्तीचा त्याने हिरिरीने पुरस्कार केला. १९०३ साली सुरू झालेल्या ‘तूर द फ्रान्स’ या विख्यात शर्यतीच्या चालकांना मात्र ती युक्ती म्हणजे दुबळ्यांचा आधार वाटे, आणि साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकविणाऱ्या यंत्रास त्यांनी १९३७ पर्यंत शर्यतीत मज्जाव ठेवला. दुबळ्यांनाही डोंगर पाहता यावा, हाच तर व्हेलोसिओच्या आग्रहाचा मथितार्थ होता! १९३६ साली फ्रेंच कामगारांस वर्षाकाठी दोन आठवड्यांची पगारी रजा कायद्याने मिळाली, तेव्हा हजारो तरुण जोडपी सायकलींवरून प्रथमच आपला देश पाहावयास बाहेर पडली. ज्या देशाचे आपण नागरिक, तो देश डोळ्यांनी पाहण्याचा अधिकार त्यांस असा सायकलीने मिळवून दिला.

दुसऱ्या महायुद्धानंतर तेथेही मोटारींनी रस्ते व्यापले. परंतु त्याच मोटारींच्या स्पर्धेमुळे लहान लहान आगगाड्यांचे फाटे बंद पडले, आणि त्यांचे रूळ उखडल्यावर मागे राहिलेल्या पट्ट्यांचे काय करावे, हा प्रश्न उभा राहिला. बर्गंडी प्रांतात जिव्ह्री ते क्ल्यूनी या गावांमधील अशा जुन्या पट्ट्यावर १९९७ साली सायकलस्वार आणि पादचारी यांच्यासाठी गुळगुळीत वाट बांधण्यात आली. मोटारीस तिच्यावर प्रवेश नाही. आगगाडीस तीव्र चढ चालत नाही, म्हणून तिच्या जुन्या मार्गावर वृद्धांस आणि बालकांसही सायकल सहज चालविता येते. अशा वाटेने जो क्ल्यूनीस पोहोचतो, त्यास इ. स. ९१० मध्ये स्थापन झालेल्या ख्रिस्ती मठाचे अवशेष दिसतात. एके काळी युरोपातील सर्वांत विशाल असलेले तेथील मंदिर फ्रेंच राज्यक्रांतीनंतर विकले गेले आणि त्याचे चिरे बांधकामासाठी काढून नेले गेले. जुन्या मंदिराचे दगड विकणाऱ्या देशानेच पुढे जुन्या आगगाडीची वाट जतन करावी, ही काळाची शिकवणच म्हणावयाची.

मोटारीवाचून असलेल्या मुलुखाचे उदाहरण शोधण्यासाठी महाराष्ट्रीयांस फ्रान्सास जाण्याचे कारण नाही. नवी मुंबईच्या पूर्वेस आकाश निवळ असेल त्या दिवशी माथेरानचा डोंगर दिसतो. १८५० साली ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी ते स्थान उजेडात आणले, आणि पीरभॉय घराण्याच्या पुढाकाराने १९०७ साली नेरळहून वर छोटी आगगाडी सुरू झाली. मोटारी दस्तुरी नाक्याशीच थांबतात. पुढे तांबड्या मातीची वाट आणि झाडांची सावली. २००३ साली हा सर्व टापू पर्यावरणाच्या दृष्टीने संवेदनशील म्हणून कायद्याने संरक्षित झाला. परंतु या शांततेस एक काळी बाजू होती. मोटार नाही म्हणून हातरिक्षा आली, आणि माणसाने माणसास ओढून चढावर न्यावे, हा प्रकार पिढ्यान्‌पिढ्या चालला. २०२२ च्या डिसेंबरात विजेवर चालणाऱ्या रिक्षांचा प्रयोग सुरू झाला, आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने हातरिक्षा सहा महिन्यांच्या आत बंद कराव्यात, असा आदेश दिला. माथेरानचा बोध दुहेरी आहे: शांतता कायद्याने राखता येते, पण ती कोणाच्या श्रमावर उभी आहे, हे पाहिल्यावाचून तिची स्तुती करू नये.

आता प्रत्यक्ष नवी मुंबईकडे वळू. १९७० साली सिडको या संस्थेची स्थापना झाली, आणि ठाणे, पनवेल व उरण या तालुक्यांतील ९५ गावांच्या भातखाचरांवर व मिठागरांवर नवे शहर वसविण्याचा उपक्रम आरंभिला गेला. या शहरास इतिहास नाही, असा सामान्य समज आहे. तो समज मोटारीच्या काचेतून पाहिल्यामुळे झालेला आहे. बेलापूरच्या किल्ल्याचे पडके बुरूज खाडीच्या तोंडाशी आहेत. पोर्तुगीज, मराठे आणि इंग्रज अशा तीन सत्ता त्यांनी पाहिल्या. तेथून खाडीपलीकडे उरणच्या बाजूस जासई हे गाव लागते. १९८४ च्या जानेवारी महिन्यात १६ व १७ तारखेस दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली संपादित जमिनीच्या न्याय्य मोबदल्यासाठी शेतकऱ्यांनी जे आंदोलन केले, त्यात पोलिसांच्या गोळीबाराने पाच जणांचा बळी घेतला. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतके विकसित भूखंड मूळ भूमिधारकांस परत देण्याचे जे धोरण पुढे आले, त्याच्यामागे हे रक्त आहे.

जासईहून पुढे डोंगराच्या कुशीत चिरनेर आहे. १९३० साली सप्टेंबरच्या २५ तारखेस तेथील आगरी, कातकरी व इतर ग्रामस्थ जंगलाचा कायदा मोडण्यास निघाले. रानातील लाकूडफाट्यावर रानात राहणाराचा हक्क आहे, एवढेच त्यांचे म्हणणे होते. त्यांच्यावरही गोळ्या झाडल्या गेल्या, आणि तेथील हुतात्मा स्मारक त्या दिवसाची साक्ष देते. आणखी पूर्वेस कर्नाळ्याचा अंगठ्यासारखा सुळका दिसू लागतो. या किल्ल्याच्या किल्लेदाराचा नातू वासुदेव बळवंत फडके १८४५ साली पनवेलजवळच्या शिरढोण गावी जन्मला. १८७६-७७ च्या दुष्काळात अन्नान्न झालेली प्रजा पाहून त्याने सरकारविरुद्ध बंड उभारले, आणि १८८३ साली एडनच्या तुरुंगात देह ठेवला.

बेलापूर, जासई, चिरनेर, कर्नाळा, शिरढोण ही स्थळे एकमेकांच्या इतकी समीप आहेत की सराईत सायकलस्वारास ती सर्व एका दिवसात पाहता येतील. आणि ती अशी ओळीने पाहिली, तरच त्यांतील सूत्र ध्यानात येते. शिरढोणचा बंडखोर, चिरनेरचे सत्याग्रही आणि जासईचे शेतकरी हे तीन वेगळ्या काळांतले. परंतु या भूमीवर जो राबतो त्याचा तिच्यावर हक्क किती, हा एकच प्रश्न त्या तिघांनी विचारला. क्रमिक पुस्तकांत ही तीन प्रकरणे दूरदूरच्या पानांवर असतात. भूमीवर ती शेजारी शेजारी आहेत. मोटारीने जाणारास चिरनेरचा फाटा केव्हा मागे पडला, हे कळतही नाही. सायकलस्वार मात्र तहान लागली म्हणून तरी थांबतो, पाणी मागतो, आणि पाणी देणारा म्हातारा स्मारकावरील नावांपैकी एखाद्याचा नातू निघण्याचाही संभव असतो.

अशा प्रवासास आज अडचण आहे ती रस्त्याची. न्हावाशेवा येथील बंदर १९८९ साली सुरू झाल्यापासून उरण तालुक्यातील रस्त्यांवर कंटेनर वाहणाऱ्या अवजड ट्रकांची रीघ लागलेली असते. २००२ साली पूर्ण झालेल्या मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकीस बंदी आहे. १२ जानेवारी २०२४ रोजी उद्घाटन झालेला, सुमारे २२ किलोमीटर लांबीचा शिवडी-न्हावाशेवा सागरी सेतूही दुचाकींना व मंद वाहनांना बंद आहे. वेगाच्या मार्गावर मंद वाहनास धोका असतो, हे मान्य करावयास हवे, आणि म्हणून या बंदीस कोणी अन्याय म्हणणार नाही. अन्याय आहे तो बंदी घातल्यावर दुसरी वाट न देण्यात. पुण्यासारख्या शहरात जेव्हा सायकलीस नगरपालिकेचा बिल्ला घ्यावा लागे आणि रात्री दिवा नसल्यास शिपाई अडवी, तेव्हा सायकलस्वाराकडून कर आणि शिस्त घेतली जाई, तशीच त्याची रस्त्यावरील जागाही मानली जाई. बिल्ला गेला, त्याबरोबर ती जागाही गेली.

उपाय अवघड नाही, आणि फारसा खर्चाचाही नाही. फ्रान्सने नवी भूमी घेतली नाही. टाकून दिलेली वाट तेवढी झाडून स्वच्छ केली. नवी मुंबईच्या परिसरातही हमरस्ते झाल्यामुळे मागे पडलेल्या जुन्या गाववाटा आहेत, आणि खारे पाणी शेतात येऊ नये म्हणून पूर्वजांनी घातलेले खाजणाचे बांध आहेत. खारफुटीच्या एका झाडासही धक्का न लावता, रुंदीकरणाचा मोह टाळून, यांतील काही वाटा मोटारीपासून मुक्त राखल्या, त्यांवर सावलीची झाडे लावली आणि गावोगावच्या स्मारकांशी त्या जोडल्या, तर शाळेतील मुलेही निर्धास्तपणे जासई आणि चिरनेर पाहून येतील. मात्र त्या वाटा ज्या गावांतून जातील, त्या ग्रामस्थांस प्रथम विचारले पाहिजे. ज्या भूमीने न विचारता घेतले जाण्याचे दुःख दोनदा सोसले, तिच्यावर तिसरी वाट तरी विचारून पडावी.